गावभर पथ्य

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी जागी व्हायची ती भट्टी. बाहेर अजून अंधार असायचा आणि बाबा मागच्या दारानं हाटेलात जाऊन लाकडं रचायचे. मी अंथरुणातच पडून एकेक आवाज ओळखायची. लाकडाचा पहिला तडका, मग कढई ओढल्याचा खरखराट, मग बादलीत मैदा घोटला जाण्याचा तो थपथप आवाज, आणि शेवटी तूप तापल्याचा वास. वास आला की उठायचं, हा माझा नियम. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरच्या बसथांब्यासमोर आमचं हाटेल होतं. आमच्याकडे हाटेल म्हणजे चहा, भजी, चिवडा आणि मिठाई. राहायची-बिहायची सोय नव्हे. पुढं बाकडी, मधे कढई, मागं आम्ही. आई, बाबा, मी, आणि बाबांची मोठी बहीण इंदूआत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि आल्या दिवसापासून घर आपलं समजून सगळ्यांवर डाफरत होती.

बाबा जिलेबी, बालुशाही, पेढे आणि खोबऱ्याची वडी करायचे. पाकाची तार ते दोन बोटांत धरून बघत, पण गोडीचा शेवटचा निकाल माझा. स्वतः दिवसभर गोडात असल्यामुळं त्यांना चवच कळत नाहीशी झाली होती, असं ते म्हणत. मी साखरेच्या पोत्यावर बसायची, जीभ बाहेर काढायची, आणि बाबा पळीच्या टोकानं पाकाचा थेंब तिच्यावर ठेवायचे. मी डोळे मिटून विचार केल्यासारखं करायची. खरं तर विचार करण्यासारखं काही नसायचं, पण बाबा इतक्या आदरानं वाट बघत उभे असायचे की लगेच सांगून टाकायला मला जिवावर यायचं. "वेलची कमी हाय," मी म्हणायची, आणि बाबा मुकाट्यानं वेलची कुटायला घ्यायचे.

मी आठवीत असताना मला तहान लागायला लागली. तहान म्हणजे साधी नव्हे. मी रांजण रिकामा करायची, शाळेतल्या हापशाला तोंड लावायची, रात्री उठून तांब्यावर तांब्या रिचवायची आणि तितक्याच वेळा मोरीत जायची. अंग मात्र वाळत चाललं. परकर नाडीतून सुटायला लागला तेव्हा आत्यानं सगळ्यांना सांगितलं की पोट्टीला दृष्ट लागली. मग मोरीत मुंग्या झाल्या. काळ्या मुंग्यांची अशी रांग की जणू आत लग्न आहे. आत्यानं मला धरून झापलं की तू पाक चोरून आणतेस आणि मोरीत बसून खातेस. मी शपथा घेतल्या. मुंग्यांनी माझ्या विरुद्ध साक्ष दिली. पुढं एक दिवस मी शाळेतच आडवी झाले तेव्हा मला बसमध्ये घालून आदिलाबादला नेलं, आणि मुंग्यांना जे कळलं होतं ते डॉक्टरांनी रक्त काढून सांगितलं. शुगर.

तिथल्या दवाखान्यात आम्ही बरेच दिवस राहिलो. सुई टोचायची कशी ते आईला शिकायचं होतं. तिला वांग्यावर सराव करायला सांगितलं होतं. आईनं आदिलाबादच्या बाजारातून चांगली दोन किलो वांगी आणली आणि खाटेशेजारी बसून त्यांना पाणी टोचत बसली. पहिल्या वांग्याला टोचताना तिनं स्वतःच डोळे मिटले. शेवटच्या वांग्यापर्यंत तिचा हात असा बसला की पुढं आयुष्यभर मला तिच्या हातची सुई कधी दुखली नाही. ती टोचलेली वांगी फेकायला तिचं मन होईना. घरी आल्यावर आत्यानं त्यांची भाजी केली आणि जेवताना म्हणाली, आदिलाबादची वांगी लई पाणचट.

निघण्याच्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून पथ्य सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, मिठाई बंद, चॉकलेट बंद, वेळेवर जेवण, रोज चालणं. बाबा प्रत्येक शब्दाला मान डोलवत होते. नंतर औषधाची बाटली बांधून देताना नर्सबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या तेलुगू बोलणाऱ्या, आमच्याशी हिंदीत बोलायचा प्रयत्न करत होत्या. त्या म्हणाल्या, "चक्कर आया तो चक्केर देना." तेलुगूत चक्केर म्हणजे साखर. सुईनं कधी रक्तातली साखर फारच उतरली, पोरीला घाम फुटला, हात कापले, चक्कर आली, तर लगेच साखर द्यायची, असा साधा अर्थ. बाबांना चक्केर शब्द ठाऊक नव्हता असं नाही. आदिलाबादच्या तेलुगू दुकानदाराकडून ते वर्षानुवर्षं पोत्यांनी चक्केर आणत होते. पण ज्या डॉक्टरांनी आत्ताच साखर म्हणजे विष असं सांगितलं, त्यांचीच नर्स साखर द्या कशी म्हणेल? तेव्हा त्यांच्या कानांनी तो शब्द स्वतःच दुरुस्त करून घेतला. घरी येताना बसमध्ये त्यांनी आईला समजावून सांगितलं की पोरीला चक्कर आली की तिला चक्कर मारायला लावायची. रोज चालायला डॉक्टरांनीही सांगितलंच आहे. आईला ते पटलं. मलाही पटलं.

आता घर बदललं. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूच्या गाडग्यात, आणि ते गाडगं देवघराच्या खाली. काचेची सिरिंज रोज सकाळी उकळायची, तीही भट्टीच्याच निखाऱ्यावर, जिलेबीच्या कढईच्या शेजारी. लघवी तपासायला एक निळं औषध दिलं होतं. काचेच्या नळीत ते औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि तापवायचं. साखर नसली तर निळं राहायचं. थोडी असली तर हिरवं, मग पिवळं, नारिंगी, आणि फारच असली तर विटेसारखं लाल. हा प्रयोग आई मागच्या पडवीत करायची. बाबा पुढं गिऱ्हाइकांत असायचे, पण त्यांचा अर्धा जीव पडवीत. ते जिलेबी सोडता सोडता मागं तोंड करून विचारायचे, "आज रंग काय?" आणि आई आतून सांगायची, "पोपटी." बाकड्यावर बसलेला उटनूरचा एखादा परका प्रवासी तोंडापर्यंत नेलेली जिलेबी खाली आणून तिच्याकडे बघत बसायचा.

माझ्या जागी पाक चाखायला आत्या बसली. तिच्या तोंडात चोवीस तास तंबाखूची मिशेरी. तिला बाबांनी काहीही चाखायला दिलं तरी ती एकच म्हणायची, "चांगलं हाय." एकदा बाबांनी रागानं तिला नुसतं कोमट पाणी चाखायला दिलं. तेही चांगलं होतं. मी त्या वेळी दारात उभी होते. बाबांनी पळी हातात धरून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पळी खाली ठेवली.

पण घरातलं पथ्य ही फक्त सुरुवात होती. बाबांनी गाव पाळतीवर लावलं. आल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी ते धुतलेला सदरा घालून निघाले आणि दुकान दुकान फिरले. किराणावाला, शाळेसमोर गोळ्या-पेपरमिंट विकणारी म्हातारी, केळीवाली, उसाच्या रसाचा गाडा, देवळातले गुरव, शाळेतले हेडमास्तर. सगळ्यांना त्यांनी हात जोडून एकच सांगितलं की माझ्या शालीला शुगर झाली, तिला गोडाचा कणही देऊ नका, तिनं मागितलं तरी देऊ नका, रडली तरी देऊ नका. आणि आमचं गाव असं की एखाद्यानं हात जोडून काम सांगितलं तर ते वाजवीपेक्षा जास्त करणार. देवळात सगळ्यांच्या हातावर साखरफुटाणे पडत आणि माझ्या हातावर तुळशीचं पान. संक्रांतीला बायका मला नुसते भाजलेले तीळ देत आणि वर दोन मिनिटं माझ्याकडे डोळे भरून बघत. पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर हेडमास्तर चॉकलेटं वाटत ओळीनं आले, माझ्यापाशी थांबले, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की या मुलीला चॉकलेट नाही, आणि पुढं गेले. माझ्यानंतरच्या मुलीनं आपलं चॉकलेट माझ्याकडे पाठ करून खाल्लं. ते तिनं दयेनं केलं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

आज हे लिहिताना माझ्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली आहे आणि ती माझी साखर फोनला कळवत असते. मी जेवणानंतर काळ्या चॉकलेटचा एक तुकडा हिशेबात धरून खाते, त्याप्रमाणे औषध घेते, आणि कोणाचं काही बिघडत नाही. तरी लग्नकार्यात मी ताटातल्या गुलाबजामाला हात लावला की पंगतीतली कोणीतरी बाई हात धरतेच. ज्यांचं स्वतःचं पोट पंगतीच्या पाटावर मावत नाही त्या बायकासुद्धा. आणि मग यजमान धावत येऊन खास माझ्यासाठी आणलेली बिनसाखरेची बर्फी वाढतात. ती बर्फी खाताना मला नेहमी इंदूआत्याची आठवण होते, कारण मलाही "चांगलं हाय" असंच म्हणावं लागतं.

तर सांगायचं ते बाजाराच्या दिवसाचं. त्याआधी एक-दोनदा मला हलकी चक्कर आली होती. बाबांनी ताबडतोब मला बसथांब्याला चक्कर मारायला पाठवलं होतं, मी परत येईपर्यंत जेवणाची वेळ झाली होती, जेवल्यावर मला बरं वाटलं होतं, आणि चक्कर मारण्याचा उपाय रामबाण आहे हे घरात सर्वमान्य झालं होतं. त्या दिवशी शाळेत खो-खोच्या निवडीसाठी आम्हाला सकाळपासून पळवलं. आईनं सकाळी सुई नेहमीसारखी दिली होती. भाकर मात्र मी अर्धीच खाल्ली होती आणि डबा घरी विसरला होता. दुपारी सुटले तेव्हा बाजार ऐन भरात होता. कापसाचे दिवस होते, शेतकऱ्यांच्या बैलगाड्या थांब्यापर्यंत उभ्या होत्या, मिरच्यांच्या ढिगाऱ्यांवरून येणारा ठसका आणि बांगड्यावालीची हाक आणि बसचा भोंगा सगळं एकत्र कानात शिरत होतं. मला घाम फुटला होता. हात असे थरथरत होते की दप्तराचा पट्टा खांद्यावर राहीना. आणि भूक अशी की समोरून जाणारी शेळीसुद्धा मला खाण्यासारखी वाटली.

मी हाटेलाशी पोचले. आई लग्नाच्या एका ऑर्डरचे पेढे वळायला आत बसली होती, पुढं गर्दी लोटली होती, बाबांच्या दोन्ही हातांना काम होतं. मी म्हटलं, बाबा, मले चक्कर येऊन राह्यली. बाबांनी कढईवरून नजर न काढता सांगितलं, "जाय, एक चक्कर मारून ये. मग जेव."

मी गेले. आज्ञाधारक पोर होते मी, आणि त्या अवस्थेत माणसाला आज्ञा मोडायचंही सुचत नाही. थांब्याच्या टोकापर्यंत गेले तेव्हा जमीन मऊ लागायला लागली. काय करायचं ते मला डोक्यानं कळत नव्हतं, पण अंगाला कळत होतं. अंग म्हणत होतं, गोड. मी पेपरमिंटवाल्या म्हातारीपुढं उभी राहिले आणि चॉकलेट मागितलं. तिनं माझा कापता हात आपल्या हातात घेतला, कुरवाळला, आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. तुह्या बाबानं बजावून ठेवलं हाय माय, म्हणाली. मी केळीवालीकडे गेले. तिनं केळ्यांवर फडकं टाकलं. उसाच्या गाड्याजवळ गेले तर रसवाला मला येताना बघूनच चरकाचा दांडा धरून उभा राहिला, जणू मी ऊस हिसकून पळणार. मी त्याला काहीतरी वेडंवाकडं बोलले म्हणे. मला आठवत नाही. पण त्यानं ते पुढं अनेक वर्षं सांगितलं. शेवटी भाजीवाली गंगूबाई, जी माझ्या आईची मैत्रीण, तिला माझी अवस्था बघवेना. तिनं मला जवळ बसवलं, पदरानं घाम पुसला आणि आपल्या पाटीतलं सगळ्यांत कोवळं कारलं काढून माझ्या हातात दिलं. शुगरवर हेच चांगलं, चावून खाय, म्हणाली.

ते कारलं हातात घेऊन मी पुढं चालत राहिले. गावातल्या प्रत्येक माणसाचं माझ्यावर प्रेम होतं आणि त्या प्रेमात मी त्या दिवशी सहज मेले असते.

आमच्या हाटेलासमोर, रस्त्याच्या पलीकडे, राजन्नाचं हाटेल होतं. राजन्ना तेलुगू, त्याचा बाप निर्मल गावाहून इथं आला होता, आणि राजन्ना आमच्यासारखंच मराठी बोलायचा. तो आणि बाबा एकाच वयाचे, एकाच धंद्यातले, आणि एकेकाळचे मित्र. मी लहान असताना कधीतरी त्यानं बाबांचा झारा मागून नेला आणि वाकवून परत दिला, असं बाबांचं म्हणणं. झारा आधीच वाकडा होता, असं राजन्नाचं. तेवढ्यावरून बोलणं बंद झालं ते बंदच. रस्ता काही फार रुंद नव्हता. दोघं दिवसभर एकमेकांच्या समोर बसून जिलेबी सोडायचे आणि मधून जाणाऱ्या बैलांकडे बघायचे.

कशी आले ते मला माहीत नाही, पण मी राजन्नाच्या बाकड्यावर येऊन बसले होते. कारलं टेबलावर ठेवलेलं होतं. राजन्ना माझ्यापुढं उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मोठा पेच पडला होता. पलीकडच्या टेबलावरचा आमच्या आळीतला एक माणूस त्याला सांगत होता की पोरीला काही देऊ नकोस, तिला शुगर आहे, माधवरावांनी साऱ्या गावाला सांगितलंय. माधवराव म्हणजे माझे बाबा. राजन्नाला हे अर्थातच ठाऊक होतं. गावात कुत्र्या-मांजरांनाही ठाऊक होतं. पण त्या माणसाचं ते "साऱ्या गावाला" त्याला लागलं. तो ताठ झाला.

"मले नाई सांगितलं," तो म्हणाला.

त्या माणसानं समजावायचा प्रयत्न केला. राजन्ना ऐकेना. म्हणाला, पुऱ्या बाजाराच्या दुकानांत माधव गेला, देवळात गेला, रसवाल्याकडे गेला, रस्ता ओलांडून माझ्याकडे आला का? मग मला काय माहीत? माझ्याकडे पोरगी आली म्हणजे गिऱ्हाईक आलं. असं म्हणत त्यानं कढईतून नुकत्याच काढून पाकात बुडवलेल्या जिलेब्या ताटलीत घेतल्या, वरून आणखी पळीभर पाक ओतला आणि ताटली माझ्यापुढं ठेवली. एवढंच नाही, मला उठवून सगळ्यांत पुढच्या, रस्त्याकडेच्या बाकड्यावर आणून बसवलं, म्हणजे समोरून नीट दिसावं.

मी आधी पाक चाटला. बोटं भाजली, तेही कळलं नाही. मग जिलेब्या. किती महिन्यांनी माझ्या जिभेवर साखर आली होती, आणि ती जीभ एके काळी वेलची कमी-जास्त सांगत होती, पण त्या दिवशी तिनं काहीही मत दिलं नाही. ती नुसती गिळत होती. भोवती माणसं जमली. कोणीतरी धावत पलीकडे गेलं. आणि थोड्याच वेळात बाबा रस्ता ओलांडताना दिसले. मैद्यानं भरलेले हात पुढं धरलेले, मागं कढई तशीच. बैलगाडीवाल्यानं त्यांना बघून गाडी थांबवली. सारा बाजार बघत होता, कारण माधवराव राजन्नाच्या हाटेलाकडे चालले होते.

बाबांनी माझ्यापुढं हात धरला आणि म्हणाले, "थुक."

मी थुंकले नाही. माझं तोंड भरलेलं होतं. बाबांनी मग राजन्नाकडे बघितलं, पण बोलायची सवय मोडलेली, तेव्हा काय बोलावं ते त्यांना सुचेना. राजन्ना हातातली पळी उगीच पुसत राहिला. त्यालाही आता भीती वाटायला लागली असावी. आणि तेवढ्या वेळात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी शुद्धीवर आले. घाम थांबला. कापणारे हात ताटलीवर शांत झाले. भोवतालचा गलका एकाच आवाजातून पुन्हा वेगवेगळ्या आवाजांत सुटला. मला बांगड्यावाली वेगळी ऐकू आली, बस वेगळी. मी टेबलावर बघितलं आणि विचारलं की हे कारलं कोणाचं आहे.

बाबा माझ्यापुढं उकिडवे बसले. त्यांनी मैद्याच्या हातानं माझा हात धरून बघितला, कपाळ बघितलं. मला चक्कर आली होती का, चक्कर मारून बरं वाटलं नव्हतं का, विचारत राहिले. मी सांगितलं की चक्कर मारूनच जास्त झालं. बाबा गोंधळून राजन्नाला नव्हे, पण राजन्नाच्या दिशेनं, हवेत म्हणाले की नर्सबाईनं तर तसंच सांगितलं होतं, चक्कर आया तो चक्कर देना.

राजन्नानं ते वाक्य ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. त्याचे डोळे बारीक झाले.

"कोणत्या भाषेत सांगितलं?"

बाबांनी पुन्हा हवेतच सांगितलं, बाई तेलुगू होती.

"मग चक्केर म्हटलं असंन तिनं," राजन्ना म्हणाला. "साखर द्या म्हटलं."

बाबा ज्या गतीनं उकिडवे बसले होते त्याच गतीनं मागं मातीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की ते आता आदिलाबादच्या त्या खोलीत परत गेले आहेत आणि नर्सबाईंचं वाक्य पुन्हा ऐकत आहेत. मग ते बसथांब्याच्या टोकाकडे बघायला लागले, जिथवर त्यांनी मला पाठवलं होतं. मी आणखी एक फेरी मारली असती तर हे लिहायला मी नसते. हे मला तेव्हा कळलं नाही. बाबांना कळलं. मग, हात कुठं ठेवावेत ते कळेना म्हणून की काय, त्यांनी माझ्या ताटलीतला उरलेला जिलेबीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. धंद्याचा माणूस. तुकडा जिभेवर फिरवला आणि मान हलवली.

"पाक कच्चा हाय," ते म्हणाले. पुष्कळ वर्षांनी राजन्नाशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बाबा मला घेऊन आदिलाबादला गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला आणि नंतर एकेक गोष्ट पाटीवर लिहिल्यासारखी सावकाश समजावून सांगितली, हिंदीतून, आणि प्रत्येक वाक्य बाबांकडून परत म्हणून घेतलं. त्यानंतर बाबा दुसऱ्या टोकाला गेले. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चॉकलेटं. मी जांभई दिली की चॉकलेट. मी गणित सोडवताना कपाळाला आठी घातली की चॉकलेट. शाळेत हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात माझ्या नावाची साखरेची पुडी, देवळात गुरवाकडे एक, रसवाल्याकडे एक. पडवीतली नळी दिवसेंदिवस विटेसारखी लाल यायला लागली, आणि आईनं एका सकाळी ती नळी तशीच बाहेर आणून, बाकड्यांवर गिऱ्हाईक बसलेलं असताना, बाबांच्या नाकापुढं धरली. तेव्हा कुठं खिसे रिकामे झाले. मधलं गणित सापडायला मला स्वतःला पुढं कितीतरी वर्षं लागली. ते अजूनही रोज थोडं चुकतं.

पण ते नंतरचं. त्या दिवसानंतरच्या पुढच्याच बाजारी, गर्दी व्हायच्या आधी, बाबांनी पुन्हा धुतलेला सदरा घातला. मला हाताशी घेतलं आणि रस्ता ओलांडला. राजन्ना भट्टी पेटवत होता. त्यानं बाकडं पुसून दिलं, आम्ही बसलो. बाबांनी हात जोडले आणि साऱ्या गावाला जे सांगितलं होतं ते सगळं त्याला पहिल्यापासून सांगितलं. माझ्या शालीला शुगर झाली. गोड देऊ नको. मागितलं तरी देऊ नको. पण तिचे हात कापत असतील, घाम आला असेल, तर विचारू नको, आधी साखर घाल तोंडात.

राजन्नाला त्यातलं अक्षर न् अक्षर ठाऊक होतं. तरी तो समोर उभा राहून असा ऐकत होता की जणू पहिल्यांदाच ऐकतो आहे. कधीपासून झालं, त्यानं विचारलं. सुई कोण देते, विचारलं. बाबा सांगत गेले. आणि सांगता सांगता मधेच थांबले. त्यांचा आवाज बदलला. मी इतके महिने घरात होते, आई होती, डॉक्टर होते, पण जे त्यांनी आम्हा कोणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांनी तिथं, त्या माणसाला सांगितलं.

"मीच केलं बाप्पा हे. रोज पाक चाखवला तिले. पोट्टीच्या जिभेवर ठेवून ठेवून मीच दिली तिले बिमारी."

राजन्ना हातातलं फडकं घेऊन बाबांच्या शेजारी बाकड्यावर बसला. त्याची तिन्ही मुलं मागं चहाचे ग्लास धूत होती, चांगली दांडगी, गालाला तेल लावल्यासारखी तुकतुकीत. त्यानं त्यांच्याकडे हनुवटीनं दाखवलं.

"माहे तिन्ही पोट्टे पाकातच वाढले," तो म्हणाला. "तू एक थेंब देत होता. हे तर बोट बुचकळून खातात. कोणाले काय झालं? तुह्या जिलबीत एवढा दम असता, तर माह्याकडे गिऱ्हाईक आलं असतं का?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि ते रडताहेत की हसताहेत ते मला बाजूनं कळेना. मला वाटतं, त्यांनाही कळत नव्हतं. नंतर मोठमोठ्या डॉक्टरांनी मला हीच गोष्ट पुष्कळ सांगितली, की माझा आजार गोड खाण्यानं होतच नाही, आणि मी घरी येऊन ती दरवेळी बाबांना सांगितली. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, मला माहीत आहे, राजन्नानं सांगितलंय.

राजन्नानं तीन चहा मागवले, एक बिनसाखरेचा. रस्त्याच्या पलीकडे आमच्या हाटेलाच्या दारात इंदूआत्या येऊन उभी राहिली होती आणि दोन्ही हात हलवून सांगत होती की कढईतली जिलबी करपून काळी झाली, माधव, ये लवकर. बाबांनी ऐकलं. त्यांनी चहा बशीत ओतला, त्यावर सावकाश फुंकर घातली, आणि ते उठले नाहीत.